एक्स्टेंशनची जोडी थेट ॲम्प्लिफायरला लावली आणि भोंगे किंचाळले: फोनवरून अनाउन्समेंट कशी करायची?

देखभालवाली:

नमस्कार मंडळी. चार मजली इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. विजेच्या कामात हात बसलेला आहे, आवाजाच्या कामात मात्र मी अडाणी. प्रश्न लांबलाय, कारण घोळही तेवढाच मोठा घातलाय.

आमच्याकडे २४० वॅटचा, १०० व्होल्ट लाइनचा (एकाच लाइनवर बरेच स्पीकर चालवणारा) ॲम्प्लिफायर आहे. छतात ३२ स्पीकर आणि आवारात ४ भोंगे. माईक एकच, तोही तळमजल्यावरच्या टेबलावर. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला काही पुकारायचं असेल तर जिने उतरून यायचं. वरून फर्मान आलं की प्रत्येक टेबलावर इंटरकॉम आहेच, तर एक नंबर लावला की अनाउन्समेंट झाली पाहिजे. बोलायला काय जातं!

मी विचार केला, फोनच्या तारेतून आवाज येतो आणि ॲम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला (माईकखेरीज इतर आवाज घ्यायच्या जागेला) आवाजच लागतो, मग अडलंय कुठे? ईपीएबीएक्सवर, म्हणजे इमारतीच्या स्वतःच्या टेलिफोन एक्स्चेंजवर, २४९ हे ॲनालॉग एक्स्टेंशन रिकामं होतं. त्याची जोडी आणून सरळ ऑक्सला लावली. लावल्याबरोबर चारही मजल्यांवर घूंऽऽऽ सुरू. तरीही हौस फिटली नव्हती, म्हणून माझ्या टेबलावरून २४९ लावला. भोंग्यांतून असा काही टर्राटा आला की लोक खिडक्यांत जमा झाले. मी इकडे रिसीव्हरमध्ये 'हॅलो हॅलो' करतेय आणि माझ्या कानात नुसती रिंग वाजतेय. तिसऱ्या रिंगनंतर सगळं शांत. तेव्हापासून ऑक्स मुका आहे. माईक चालतोय, एवढीच कृपा.

आता दुसरा ऑक्स शिल्लक आहे आणि तो मला मारायचा नाही. मधे नेमकं काय लावतात? आणि २४९ वर आवाज का गेला नाही, रिंग तेवढी का गेली?

जुगाडू:

ताई, आम्ही एक स्पीकरफोन घेतला, आपोआप उचलणारा. तो माईकसमोर ठेवला आणि दोघांवर खोकं झाकलं. हसू नका, बरेच महिने चाललं. एकच अडचण होती. बोलणाऱ्यानं फोन ठेवला तरी तो स्पीकरफोन ठेवायचा नाही, आणि मग एंगेज टोन अख्ख्या इमारतीला ऐकावा लागायचा. कोणीतरी धावत जाऊन खोकं उचलायचं.

जुना लाइनमन:

जुगाडूंनी विनोद म्हणून सांगितलंय, पण या कामातली खरी गोम त्यातच आहे. आवाज जोडणं सोपं असतं. फोन उचलायचा कोणी आणि ठेवायचा कोणी, हे ठरवणं अवघड.

आधी ताईंच्या ऑक्सचा पंचनामा करू. एक्स्टेंशनच्या जोडीवर फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो, छोट्या ईपीएबीएक्समध्ये कधी २४. रिंग आली की त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतो, २० ते २५ हर्ट्झचा. ऑक्सला लागतो फार तर एखादा व्होल्ट. तुम्ही भोंग्यांतून ऐकलात तो टर्राटा म्हणजे एरवी टेलिफोनची घंटा हलवणारी वीज. तीन रिंग सहन केल्या म्हणजे ॲम्प्लिफायर तसा सोशिक निघाला.

आता आवाज का गेला नाही ते. आपण रिसीव्हर उचलतो तेव्हा फोन त्या दोन तारांमध्ये वाट करून देतो आणि २० ते ४० मिलिअँपिअर डीसी वाहू लागतो. एक्स्चेंज तेवढंच ओळखतं: करंट वाहिला, म्हणजे उचलला. तुमचा ऑक्स दहा हजार ओहमच्या आसपासचा, त्यातून एवढा करंट कुठला जायला! म्हणून एक्स्चेंजच्या लेखी २४९ कोणी उचललाच नाही आणि ते बिचारं रिंग देत बसलं. मधे कॅपॅसिटर टाकून डीसी अडवा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यानं डीसी अडेल, रिंग आरपार जाईल आणि उचलण्याचा प्रश्न तसाच राहील.

घूं कशाची? फोनच्या दोन्ही तारा जमिनीपासून तरंगत्या, एकमेकींच्या तोलाच्या असतात. ऑक्सचं एक टोक ॲम्प्लिफायरच्या बॉडीला, म्हणजे अर्थिंगला जोडलेलं. तुम्ही दोघींपैकी एकीचा पाय जमिनीला बांधलात. तोल गेला आणि मेन्सचा ५० हर्ट्झ आत शिरला. म्हणून मधे ६०० ओहमला ६०० ओहम असा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे देतो, पण दोन बाजू तारेनं जोडत नाही) हवाच, आणि शील्डची, म्हणजे केबलवरच्या जाळीची, तार एकाच बाजूला अर्थ करायची. दोन्ही बाजूंना केली की घूं परत हजर. जाता जाता २४९ ला साधा फोन लावून तो पोर्ट जिवंत आहे का तेही बघा.

आता मार्ग. सगळ्यात आधी ईपीएबीएक्सच्या मदरबोर्डवर किंवा मॅन्युअलमध्ये 'एक्स्टर्नल पेजिंग' नावाचा पोर्ट शोधा (पेजिंग म्हणजे स्पीकरवरून पुकारणं). बऱ्याच एक्स्चेंजमध्ये असतो आणि कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्यावर नुसता आवाज मिळतो, ना डीसी ना रिंग. सोबत बहुधा रिलेचा एक कोरडा कॉन्टॅक्ट (स्वतःची वीज नसलेला नुसता स्विच) असतो, पेजिंग चालू असेपर्यंत मिटलेला. त्याच्या शेजारी तसाच दिसणारा होल्ड म्युझिकचा इनपुट असतो, त्यात घालू नका.

तो नसेल तर पेजिंग ॲडॅप्टर घ्यायचा. एक्स्टेंशनवर लावायचा ॲडॅप्टर रिंग ओळखून स्वतः उचलतो. पण ठेवायचं कधी हे त्याला कळायला हवं. समोरच्यानं फोन ठेवला की एक्स्चेंज त्या एक्स्टेंशनचा करंट क्षणभर तोडत असेल तर उत्तम. तोडत नसेल तर ॲडॅप्टर एंगेज टोन ओळखून किंवा काही सेकंद शांतता झाल्यावर ठेवतो, आणि तोवर टोनचे दोन-चार ठोके सगळ्यांना ऐकू जातात. जुगाडूंच्या खोक्याची हीच कथा.

माझी स्वतःची पसंती ट्रंक पोर्टला. बाहेरची लाइन जिथे लागते तिथे असा ॲडॅप्टर लावायचा की जो स्वतः लाइनसारखा डीसी पुरवतो. इथे उचलणं आणि ठेवणं दोन्ही एक्स्चेंजच्या हातात राहतं. बोलणाऱ्यानं ठेवलं की एक्स्चेंज लूप, म्हणजे करंटची वाट, तोडतं आणि ॲडॅप्टर तत्क्षणी गप्प. मात्र त्या ट्रंकला वेगळा ग्रुप आणि वेगळा कोड द्या. एका ठिकाणी ती नेहमीच्या बाहेरच्या लाइनींच्या ग्रुपमध्ये राहून गेली होती. एका गृहस्थांनी घरी फोन लावायला शून्य दाबलं आणि त्यांचं बायकोशी सुरू व्हायचं भांडण आधी सगळ्या इमारतीनं ऐकलं.

आणि हो, ३२ स्पीकर कुठल्या टॅपवर (स्पीकरनं किती वॅट घ्यायचे ते ठरवणाऱ्या जोडणीवर) आहेत?

देखभालवाली:

लाइनमन काका, पंचनाम्याबद्दल आभार, मान खाली घालून वाचला. २४९ वर साधा फोन चालतोय.

मदरबोर्डवर कोपऱ्यात चार स्क्रू सापडले, वर 'पेज' छापलंय. दोन आवाजाचे, दोन रिलेचे. इतकी वर्षं त्यावर धूळ बसलेली.

छतातले स्पीकर ६ वॅटच्या टॅपवर आहेत, भोंगे १५ च्या.

जुना लाइनमन:

मग बेरीज करा. ३२ गुणिले ६ म्हणजे १९२, भोंग्यांचे ६०, एकूण २५२. ॲम्प्लिफायर २४० चा. तो आजवर जगला कारण आवाज कोणी पूर्ण वर नेला नाही. फोनवर माणसं ओरडून बोलतात, तेव्हा तो घाम गाळेल. छतातले ३ वॅटवर आणा. ९६ आणि ६० मिळून १५६. ॲम्प्लिफायरच्या ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे १९२ च्या आत राहावं असा माझा शिरस्ता आहे. टॅप निम्मा केला तर आवाज ३ डेसिबलनंच उतरतो, कोणाला पत्ताही लागत नाही.

पेज पोर्टचा आवाज ट्रान्सफॉर्मरमधून ऑक्सला द्या, माईकच्या इनपुटला नाही. माईकला मिलिव्होल्टची सवय, हा आवाज गेला की नुसता फाटेल. रिलेचा कॉन्टॅक्ट ॲम्प्लिफायरच्या म्यूट किंवा प्रायॉरिटी टर्मिनलला. तिथे संगीत लागत असेल तर ते आपोआप दबेल. त्या कॉन्टॅक्टमधून मेन्सचा कुठलाही स्विच फिरवायचा मोह नको, तो तेवढ्या ताकदीचा नसतो.

आयपीवाला:

एवढं तांबं कशाला? सिप (नेटवर्कवरून फोन चालवायची पद्धत) पेजिंग ॲडॅप्टर मिळतो. नेटवर्कची एकच केबल, वीजही तिच्यातूनच, एक्स्टेंशन म्हणून रजिस्टर होतो, कॉल आला की उचलतो. ठेवण्याचा तर प्रश्नच मिटला, कॉल संपल्याचा संदेशच येतो, टोन ऐकत बसायला नको. शिवाय जी.७२२ (आवाज डिजिटल करायची एक पद्धत) लावला तर ७ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मिळतो. साध्या टेलिफोनचा ३०० ते ३४०० हर्ट्झच. मात्र बोलणाऱ्याचा फोनही जी.७२२ चा हवा.

जुना लाइनमन:

बरोबर आहे, नवीन इमारत असती तर मीही तेच सांगितलं असतं. पण ताईंच्याकडे ॲनालॉग एक्स्चेंज आहे आणि पोर्ट फुकटात बसलाय. आणि तुमचा नेटवर्क स्विच यूपीएसवर नसेल तर वीज गेली की पेजिंगही गेलं, हे सांगायला विसरलात.

३४०० वरून आठवलं. टेलिफोनच्या आवाजात 'स' आणि 'श' ची धार वरच्या कंप्रतेत असते, ती कापली जाते. भोंग्यावर 'साठ' आणि 'आठ' एकच ऐकू येतात. 'खोली साठ' म्हणू नका, 'सहा शून्य' म्हणा. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी तर समोरासमोरही गोंधळतात. आणि ऑक्सचा बास पूर्ण उतरवा. ३०० च्या खाली टेलिफोनकडून कामाचं काही येत नाही, आली तर घूंच येते.

नवशिका:

मधेच विचारतो. हीच व्यवस्था आगीच्या वेळी लोकांना बाहेर काढायला वापरता येईल का?

जुना लाइनमन:

तिच्यावर विसंबून नाही. आगीच्या व्हॉइस अलार्मला वेगळी मानकं आहेत, उदाहरणार्थ युरोपात यंत्रणेसाठी ईएन ५४-१६ आणि स्पीकरसाठी ईएन ५४-२४. तिथे तार तुटली तर यंत्रणेनं स्वतः सांगावं लागतं, बॅटरी लागते. आपल्या जोडणीत स्पीकरची तार उंदरानं कुरतडली तरी महिनाभर कळणार नाही. इमारतीत तशी यंत्रणा असेल तर तिचा आवाज पेजिंगच्या वर राहिला पाहिजे, उलटं कधीच नको.

देखभालवाली:

झालं एकदाचं! हकिगत सांगते.

ट्रान्सफॉर्मर लावला, शील्ड फक्त ॲम्प्लिफायरच्या बाजूला अर्थ केली. घूं गायब, म्हणजे कान लावून ऐकली तरच. टॅप बदलायला दोन दिवस शिडीवर होते, मान अजून दुखतेय. पेजिंगचा कोड प्रत्येक टेबलाला दिला नाही, नऊच फोनना दिला. बाहेरून येणाऱ्या कॉलला तो लागू नये हेही प्रोग्रॅमिंगमध्ये बंद केलं.

पहिल्या दिवशी फाटकावरच्या रखवालदारानं अनाउन्समेंट केली आणि कुईंऽऽ. त्याची चौकी नेमकी भोंग्याखाली, आणि बोलत होता स्पीकरफोनवर. भोंग्याचं तोंड फिरवलं, टॅप १५ वरून ७.५ केला आणि त्याला रिसीव्हर उचलून बोलायला लावलं. आता थांबलंय.

तिसऱ्या दिवशी खरी गंमत. दुसऱ्या मजल्यावरचे साहेब गाडी हलवायची अनाउन्समेंट करत होते. मधेच त्यांना दुसरा फोन आला, म्हणून त्यांनी अनाउन्समेंटच होल्डवर टाकली. आवारात चार मिनिटं होल्ड म्युझिक! मधे मधे 'कृपया प्रतीक्षा करा'. ज्याची गाडी हलवायची होती तो खरोखर गाडीपाशी प्रतीक्षा करत उभा राहिला. आता पेजिंगमध्ये होल्ड बंद केलाय आणि एका वेळी ३० सेकंदांची मर्यादा घातलीय.

मेलेला ऑक्स दुरुस्तीला द्यायचाय. त्या चॅनेलची आयसी बदलून भागेल, की पूर्ण बोर्ड उचलावा लागेल?

जुना लाइनमन:

आधी इनपुटचा कपलिंग कॅपॅसिटर आणि त्यामागची पहिली आयसी तपासायला सांगा. माईकचा चॅनेल शाबूत आहे म्हणजे नुकसान बहुधा तिथेच थांबलंय. आणि साहेबांना माझा नमस्कार सांगा, होल्डवर नको.