सुप्तावस्था खरी, की दुकानदाराची पळवाट?

पारोळेकर
सोयाबीन पेरलं, निम्मंसुद्धा वर आलं नाही. दुकानदार म्हणतो, "दादा, बी सुप्तावस्थेत असेल, म्हणजे जिवंत पण झोपलेलं, थांबा थोडं." पाऊस थांबतो का कोणासाठी? सुप्तावस्था-बिप्तावस्था काही नसतं. बोगस माल खपवायचा बहाणा आहे हा.

यावलकर
दुकानदाराला सोडू नका, पण "काही नसतं" हे वाचून राहवलं नाही. सोयाबीनला सुप्तावस्था जवळपास नसतेच, म्हणून तो खोटं बोलला. सोयाबीनचं टरफल नाजूक. मळणीयंत्र जोरात फिरवलं, पोती आपटली, थप्पी उंच लावली की अंकुर मरतो. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के हवी. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून आधी बघायचं होतं.
सूर्यफुलाचं ताजं बी मात्र काढणीनंतर साधारण दीड महिना उगवत नाही. जमिनीवर पसरणाऱ्या पसऱ्या भुईमुगालाही सुप्तावस्था असते, उभ्या वाढणाऱ्या उपट्याला नाही. आपल्या जळगावच्या संशोधन केंद्रातला जेएल-24 हा भुईमुगाचा वाण उपट्याच. उन्हाळी शेंग काढायच्या वेळी वळवाचा पाऊस आला, शेंग फोडली तर आत पांढरा कोंब वाकून बसलेला. व्यापाऱ्याने ढीग हातात घेऊन खाली टाकला, भावच सांगितला नाही. त्या दाण्यात दोन-तीन आठवड्यांची सुप्तावस्था असती तर आमचं वर्ष वाचलं असतं.

चोपडेकर
खान्देशाला बुडवते ती कापसावरच्या बोंडअळीची सुप्तावस्था, तिच्यावर बोला. हंगाम संपताना गुलाबी अळी दोन सरक्या चिकटवून आत बसते, पऱ्हाटीवरच्या (कापसाच्या वाळक्या झाडावरच्या) कवडीत, म्हणजे किडक्या बोंडात बसते आणि उन्हाळा काढते. पावसाळ्याच्या तोंडावर पतंग निघतो. तेव्हा शेतात पातं (कळी) किंवा फूल नसलं तर अंडी घालायला जागाच नाही, तो मरतो. पण ठिबकवर मे महिन्यात कापूस लावणारे त्याच्यासाठी पाती तयार ठेवतात. मधली काही वर्षं 1 जूनआधी बियाणं विकू देत नव्हते ते याचसाठी.

शिरपूरकर
आले मे लागवडीवर! तापीकाठी पाणी आहे, ठिबक आहे, मग जूनची वाट का बघायची? माझा कापूस दिवाळीच्या आसपास वेचून होतो, मग गहू. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तेच झाड पुन्हा बोंडांसाठी राखणं, मी कधी ठेवली नाही. 2017 ला बोंडअळीने राज्य झोडपलं, तेव्हा जूनवाल्यांचं वाचलं का? बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पावसाळ्यापर्यंत कोण ठेवतं, ते आधी लिहा.

चोपडेकर
चुलीला काय घालायचं मग? गॅसचे पैसे तुम्ही देणार?

शिरपूरकर
म्हणजे तुमची चूल चालली पाहिजे आणि आम्ही मे सोडायचा? भाऊ, शहाणपण दोघांना सारखं लावा.

अमळनेरची शेतकरीण
भांडताय दोघे, आणि जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, नाव कोणी घेत नाही. आमचं शेत जिनिंगला लागून. सरकीच्या ढिगातून निघालेले पतंग पहिले आमच्या कपाशीवर येतात. आम्ही फरदड मोडतो, पऱ्हाट्या रोटाव्हेटरने मातीत घालतो, तरी दरवर्षी डोमकळ्या (अळी शिरून न उमललेली फुलं) आमच्याकडेच आधी दिसतात. मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे शेतात लावून झाले, जिनिंगच्या आवारात कोण लावणार?

चोपडेकर
ताई, जिनिंगचं मान्य. पऱ्हाट्यांचंही मान्य करतो, यंदा जानेवारीतच काढीन. पण मे लागवडीचं माझं मत तेच.

शिरपूरकर
आणि माझंही.

पारोळेकर
माझ्या सोयाबीनचं राहिलंच. सूर्यफुलाला, भुईमुगाला असेल सुप्तावस्था, मानलं. पण मग तो शब्द मला सोयाबीनसाठी का ऐकवला? मी बोगसच म्हणणार.

यावलकर
म्हणा. पण आधी बिल, पिशवी, टॅग आणि उरलेलं मूठभर बी जपून ठेवा. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या. दुबार पेरणीसाठी नांगर घालण्याआधी पंचनामा करून घ्या, नंतर शेतात दाखवायला काही राहत नाही.