संवाक्य: निष्कर्ष खरा असूनही उत्तर चूक कसं?

चौथा_कोन
सिलॉजिझमचा, म्हणजे संवाक्याचा, सराव चालू आहे. एक उदाहरण: सर्व हापूस आंबे फळं आहेत. काही फळं आंबट आहेत. म्हणून काही हापूस आंबे आंबट आहेत. उत्तरसूची म्हणते, निष्कर्ष निघत नाही. पण हापूस आंबट निघतोच की कधीकधी! शिवाय 'सर्व पेनं वह्या आहेत' यावरून 'काही वह्या पेनं आहेत' हे बँक परीक्षेच्या पुस्तकात निघतं, तर्कशास्त्राच्या पुस्तकात मात्र निघत नाही. बरोबर कोण?

मध्यपद
संवाक्य म्हणजे दोन आधारविधानं, एक निष्कर्ष आणि एकूण तीनच पदं. निष्कर्षाचं उद्देश्य ते पक्षपद (हापूस), विधेय ते साध्यपद (आंबट). दोघांना जोडणारं मध्यपद (फळ) दोन्ही आधारविधानांत येतं, निष्कर्षात येत नाही. ॲरिस्टॉटलच्या व्याख्येतला कळीचा शब्द 'अपरिहार्यपणे' हा आहे. निष्कर्ष खरा आहे का, हा प्रश्नच नाही. आधारविधानं मान्य केल्यावर तो टाळता येतो का, एवढंच बघायचं.

पदं बदलून साचा तोच ठेवा: सर्व घोडे प्राणी आहेत, काही प्राणी मांसाहारी आहेत, म्हणून काही घोडे मांसाहारी आहेत. आधारविधानं खरी, निष्कर्ष खोटा. म्हणजे साचाच फुटका. हापूसच्या बाबतीत उत्तर जुळलं ते योगायोगानं.

कारण: मध्यपद एकदा तरी व्याप्त हवं, म्हणजे त्या वर्गातल्या प्रत्येकाबद्दल काही सांगितलेलं हवं. 'सर्व' विधानात फक्त उद्देश्य व्याप्त असतं, 'एकही नाही'मध्ये दोन्ही पदं, 'काही आहेत'मध्ये एकही नाही, 'काही नाहीत'मध्ये फक्त विधेय. इथे 'फळ' पहिल्या विधानात विधेय आहे आणि दुसऱ्यात 'काही'ला जोडलेलं. दोन्हीकडे अव्याप्त. हापूस फळांच्या एका कोपऱ्यात आणि आंबट फळं दुसऱ्याच कोपऱ्यात असू शकतात.

शब्दच्छल
नियम पाठ असूनही गुण जातात ते मराठी वाक्य साच्यात बसवताना. 'सगळे उमेदवार हजर नव्हते' याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ 'काही हजर नव्हते' असा होतो. 'एकही हजर नव्हता' हे वेगळं विधान. वाक्यात 'सगळे' दिसलं की सार्विक (संपूर्ण वर्गाबद्दलचं) विधान धरायचं, ही सवय इथे दगा देते.

'फक्त' तर त्याहून वाईट. 'फक्त पदवीधर अर्ज करू शकतात' याचं रूपांतर 'सर्व पदवीधर अर्ज करू शकतात' असं करू नका. बरोबर रूप उलटं आहे: अर्ज करू शकणारे सर्व जण पदवीधर आहेत. पदवीधराला वयाची अट आडवी येऊ शकते, त्याबद्दल वाक्य गप्प आहे. 'सभासदांखेरीज कोणालाही प्रवेश नाही' याचंही तसंच.

आणि पदं तीनच आहेत ना, तेही बघा. 'सर्व पानं झाडाला येतात, वहीत शंभर पानं आहेत' यात शब्द एक, पदं दोन. असल्या उदाहरणाला हसू येतं, पण 'कायदा' (निसर्गाचा आणि संसदेचा) किंवा 'स्वातंत्र्य' आलं की तोच घोटाळा कोणाच्या लक्षात येत नाही.

रिकामा_वर्ग
पेन-वह्यांबद्दल: दोघंही आपापल्या गृहीतकानुसार बरोबर. पारंपरिक पद्धतीत वर्गात निदान एक वस्तू आहे, हे धरलेलं असतं. बँकेच्या परीक्षाही तेच धरतात. आधुनिक पद्धतीत 'सर्व' म्हटल्यानं अस्तित्व सिद्ध होत नाही. 'विनातिकीट प्रवास करणारे सर्व जण दंडास पात्र आहेत' हे विधान एकही फुकट्या नसला तरी खरंच असतं. त्यावरून 'दंडास पात्र असलेले काही जण विनातिकीट आहेत' असं म्हणता येणार नाही.

एकूण २५६ साचे संभवतात. पारंपरिक गृहीतक धरलं तर २४ वैध, सोडलं तर १५. तुमच्या पेन-वह्यांचा गोंधळ ज्या गृहीतकाचा, त्याच गृहीतकावर हे मधले ९ साचे उभे आहेत.

जॉन व्हेन यांची १८८० ची वर्तुळं काढताना आधी सार्विक विधानाचं छायांकन करा (जो भाग रिकामा ठरतो तो काळा करा), मग 'काही'ची फुली मारा (इथे निदान एक वस्तू आहे, अशी खूण). क्रम उलटला तर फुली कुठे टाकावी कळत नाही. दोन भागांपैकी कुठला, हे ठरत नसेल तर फुली रेषेवरच ठेवा. तुमच्या हापूसच्या आकृतीत ती हापूसच्या रेषेवरच पडते, म्हणून निष्कर्ष निघत नाही.

चौथा_कोन
फुली रेषेवर, हे पटलं. पण पक्ष, साध्य हे शब्द न्यायदर्शनातले ना? मग 'पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे' हे तिथलं अनुमानही संवाक्यच का?

मध्यपद
शब्द तिथूनच घेतलेत: पर्वत पक्ष, अग्नी साध्य, धूर हेतू. पण न्यायाचे अवयव पाच आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. 'जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर' या उदाहरणात व्याप्तीसोबत (धूर असेल तिथे अग्नी असतोच, या नेमसोबत) तिचा दाखलाही द्यावा लागतो. ॲरिस्टॉटलच्या साच्याला दाखला लागत नाही. 'सर्व पेनं वह्या आहेत' त्याला चालतं. नैयायिक (न्यायदर्शन मानणारा) पहिल्याच ओळीवर अडून बसेल. परीक्षेत मात्र पेनांना वह्या मानूनच पुढे जा.