बिअरसाठी माणूस शेती करायला लागला, हे खरं की पिणाऱ्यांनी काढलेली पळवाट?

उगाच_शंका

मंडळी, परवा मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, माणूस पोट भरायला नाही तर बिअर करायला धान्य पेरू लागला, पाव वगैरे नंतरची गोष्ट. मी म्हटलं पिणाऱ्याला काय, कुठलंही निमित्त चालतं. पण घरी येऊन वाचायला बसलो तर जिकडे बघावं तिकडे दारू. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना रोजच्या शिध्यात बिअर, खलाशांना रम, अमेरिकेने तर घटनादुरुस्ती करून दारू बंद केली आणि परत घटनादुरुस्ती करूनच सुरू केली.

तर प्रश्न असा की दारूने खरंच इतिहास घडवला की ती फक्त सगळीकडे हजर होती? दोन्हीत फरक आहे ना. लग्नात आचारी असतोच, म्हणून लग्न त्याने जुळवलं असं कुणी म्हणत नाही.

(मी घेत नाही, त्यामुळे सोडायचे उपाय आणि ब्रँडच्या शिफारशी दोन्ही नकोत.)

खापरखुणा

मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये. हा वाद १९५३ पासून चालू आहे. रॉबर्ट ब्रेडवुड नावाच्या पुरातत्त्ववाल्याने लिहिलं की पावासाठी धान्य पिकवायला लागले असावेत, त्यावर जोनाथन सॉअर या वनस्पतीशास्त्रज्ञाने विचारलं की पावच कशाला, बिअर का नाही? मग ब्रेडवुडने बाकीच्या अभ्यासकांना बोलावून त्यावर चर्चाच घडवली. एकमत तेव्हाही झालं नाही आणि अजूनही नाही.

पुरावा म्हणाल तर इस्राएलमध्ये हैफाजवळ राकेफेत नावाची गुहा आहे, तिथे नातुफी लोक (शेतीच्या आधीचे, रानातलं गोळा करून आणि शिकार करून जगणारे) आपली माणसं पुरायचे. तिथल्या दगडी उखळांत सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचे स्टार्चचे कण सापडले आणि ते मोड आणून आंबवलेल्या धान्याचे आहेत असं २०१८ मध्ये संशोधकांनी मांडलं. म्हणजे शेती सुरू व्हायच्या बऱ्याच आधी. यावरही आक्षेप आहेतच, आणि समजा खरं धरलं तरी त्यातून एवढंच निघतं की रानातलं धान्य गोळा करून आंबवत होते, त्यासाठी पेरायला लागले हे त्यातून निघत नाही. मित्राला हे नक्की सांगा.

त्यानंतरचे पुरावे जास्त भक्कम आहेत. चीनमध्ये हनान प्रांतात जियाहू इथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं एकत्र आंबवल्याचे अंश मिळाले. जॉर्जियात द्राक्षाची वाइन सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची. इजिप्तमध्ये अबायडोसला तर ५,००० वर्षांपूर्वीचा अख्खा कारखानाच निघाला, २०२१ मध्ये जाहीर केलं, एका वेळी २२,००० लिटरच्या वर बिअर व्हायची. एवढी बिअर कुणी घरी पाहुणे येणार म्हणून करत नाही! ती राजाच्या धार्मिक विधींसाठी होती असा अंदाज आहे, आणि एवढं धान्य एका जागी आणायचं म्हणजे कुणीतरी गोळा करणारा, मोजणारा, लिहिणारा पाहिजेच.

अवांतर: दारू पचवण्याची आपली ताकद शेतीपेक्षा फार जुनी आहे. साधारण १ कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या एका एन्झाइममध्ये बदल झाला आणि अल्कोहोल फोडायचा वेग सुमारे ४० पटींनी वाढला. झाडावरून खाली पडून आंबलेली फळं खायला लागले तेव्हाची ही सोय असावी असं मानतात.

नाकासमोर

आता कुणीतरी येऊन म्हणणार की मध्ययुगात युरोपात पाणी घाण होतं म्हणून सगळे बिअरच प्यायचे. तर आधीच हात जोडतो, हे नका टाकू. लोक पाणी पीत होते, भरपूर पीत होते. लंडनने तेराव्या शतकात लांबच्या झऱ्यांवरून नळ टाकून शहरात पाणी आणलं, ते काय शोभेला? बिअर प्यायचे कारण तिच्यात पोटाला आधार होता आणि आवडायची म्हणून.

या समजुतीच्या जवळ जाणारा एक खरा किस्सा मात्र आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा आला, जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर फिरून कोण गेलं कोण वाचलं लिहीत होता. त्याचा संशय रस्त्यावरच्या पाण्याच्या सार्वजनिक पंपावर होता. त्या पंपाच्या अगदी जवळ एक ब्रुअरी (बिअरचा कारखाना) होती आणि तिथल्या कामगारांत कॉलरा जवळपास नव्हताच. त्यांना कामावर बिअर फुकट मिळायची आणि ब्रुअरीची स्वतःची विहीर होती, त्यामुळे त्या पंपाकडे कुणी फिरकतच नव्हतं. पंपावर संशय पक्का व्हायला याची मदत झाली.

मळीचा_हिशोब

शंकासाहेब, तुमचा आचाऱ्याचा दाखला आवडला पण मी असहमत. तुम्ही सगळे नशेकडे बघताय, मला विचाराल तर दारूने इतिहास घडवला तो टिकाऊपणामुळे आणि करामुळे, झिंग हा त्यातला सगळ्यात छोटा भाग.

आंबवलेली साधी बिअर थोड्या दिवसांत आंबट होते. पण ऊर्ध्वपातन करून स्पिरिट काढलं की ते वर्षानुवर्षं टिकतं, जागा कमी घेतं, आणि कुठेही विकलं जातं, म्हणजे ती दारू कमी आणि चलन जास्त झाली. आता बघा, कॅरिबियन बेटांवर उसाची साखर काढली की मळी उरायची, तिची रम व्हायला लागली, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचे व्यापारी तीच मळी आणून रम गाळायचे, ती जहाजात भरून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर न्यायचे आणि तिच्या बदल्यात माणसं घ्यायचे, ती माणसं परत उसाच्या मळ्यांवर, परत साखर, परत मळी. हे चक्र नुसतं 'दारू हजर होती' म्हणून सोडून देता येत नाही, माणसाची किंमत रमच्या पिंपात मोजली जात होती.

ब्रिटिश आरमाराचंही तेच. लांबच्या प्रवासात पाण्याला वास यायचा, बिअर खराब व्हायची, रम काही होत नव्हती. १७४० मध्ये अॅडमिरल व्हर्ननने बघितलं की पोरं पाणी न घालता रम घेऊन तर्र होतायत, मग एक भाग रमला चार भाग पाणी घालून द्यायचा हुकूम काढला, त्याला ग्रॉग म्हणायला लागले आणि 'ग्रॉगी' शब्द तिथून आला. रोजची रम बंद झाली ती थेट ३१ जुलै १९७० ला!

आता कर. अमेरिकेत ॲपलाचियन डोंगरांपलीकडच्या शेतकऱ्याला धान्याची पोती घाटापार नेणं परवडायचं नाही, म्हणून तो त्याची व्हिस्की करून न्यायचा. १७९१ मध्ये सरकारने व्हिस्कीवर कर लावला तर ते पेटून उठले, १७९४ मध्ये वॉशिंग्टनला हजारोंची फौज काढावी लागली. रशियात झारच्या सरकारचं चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त उत्पन्न व्होडकातून यायचं, १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताना दारूबंदी केली आणि ऐन खर्चाच्या वेळी तिजोरीला स्वतःच भोक पाडून घेतलं. आपल्या कौटिल्याने तर सुराध्यक्ष म्हणून वेगळा अधिकारीच नेमायला सांगितलाय, त्याला हे कळत होतं.

आणि तुम्ही म्हणालात ती अमेरिकेची दारूबंदी, १९२० ते १९३३. ती शक्य झाली कारण १९१३ मध्ये आयकर आला. त्याआधी केंद्राच्या उत्पन्नात दारूवरच्या कराचा मोठा वाटा होता, तो कोण सोडणार? आणि १९३३ मध्ये उठवली तेव्हा मंदी होती, आयकराचा पैसा आटला होता. नैतिकतेची भाषणं दोन्ही वेळेला झाली, पण मी तिजोरीकडे बघतो.

फसफस

मळीवाल्यांना +१. एक बाजू राहिली. पाश्चर आंबवण्याच्या भानगडीत शिरला तो लीलमधल्या एका बीट-अल्कोहोलवाल्याचा माल नासत होता म्हणून, १८५६ च्या सुमारास. तिथून पुढे सूक्ष्मजीवांपर्यंत गाडी गेली. पीएच (आम्लता) मोजायची पद्धत १९०९ मध्ये सोरेनसनने काढली, तो कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. आणि कॉलेजात ज्याने रडवलं तो संख्याशास्त्रातला 'स्टुडंट'चा टी-टेस्ट, तो गिनेस या बिअर कंपनीत काम करणाऱ्या गॉसेटचा, १९०८. बिअरवाल्यांना थोडक्या नमुन्यांवरून बार्लीचा दर्जा ठरवायचा होता, कंपनी स्वतःच्या नावाने छापू देईना म्हणून टोपणनाव. परीक्षेत मी त्याला शिव्या घातल्या होत्या, आता माफ केलं.

उगाच_शंका

भारी माहिती. आचारी मागे घेतो, म्हणजे निदान रमच्या बाबतीत तरी. शेतीच्या बाबतीत मात्र माझा मुद्दा अजून उभा आहे, खापरखुणा पण पुरतं कबूल करत नाहीयेत. मित्राला लिंक पाठवलीय, त्याने फक्त तो १ कोटी वर्षांचा भाग वाचला आणि खूश आहे.

जाता जाता, सुमेरच्या (आजच्या इराकचा दक्षिण भाग) जुन्या चित्रांत लोक एकाच मोठ्या घड्यात लांबलचक नळ्या घालून पिताना दिसतात. तो कसला थाट?

खापरखुणा

थाट थोडा असेलही, सोन्याच्या आणि लॅपिसच्या (निळा मौल्यवान दगड) नळ्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडल्यात. पण मुख्य कारण साधं आहे, बिअर गाळलेली नसायची. वर फोलपटं तरंगायची आणि तळाला गाळ, नळीने मधलं ओढायचं. आणि करणाऱ्या-विकणाऱ्यांत बायका बऱ्याच, बिअरची देवीसुद्धा बाई, निन्कासी. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात दारू विकणाऱ्या बाईने मापात मारलं तर तिला पाण्यात टाकायची शिक्षा आहे. म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी तेव्हाही याच होत्या.