प्रतिसाद: चामड्यावरचे जुने ठसे आणि नाशिकचे कारागीर

वर कोणीतरी विचारलंय की जुने क्राफ्टूल (अमेरिकी ब्रँड) ठसे, म्हणजे चामड्यावर ठोकून नक्षी उमटवायचे धातूचे दांडे, जास्त पैसे मोजून घ्यावेत का. माझं मत : बेव्हलर (रेघेलगतची कड दाबून उतार देणारा) आणि बॅकग्राउंडर (नक्षीमागची जागा दाबणारा) यांच्यापुरतं हो, बाकीच्यांसाठी हौस असेल तरच. दांड्यावरच्या नंबराआधी अक्षर नसलेले ठसे सर्वांत जुने, संग्राहक त्यांच्यामागेच असतात. नंतर बी म्हणजे बेव्हलर, एस म्हणजे सीडर (बियांसारखे ठिपके उमटवणारा), व्ही म्हणजे व्हेनर (पानाच्या शिरा उमटवणारा) अशी अक्षरं आली. नवे ठसे दिसायला चकचकीत, पण तोंडावरच्या रेघा बऱ्याचदा बोथट. ओल्या चामड्यावर मारून बघा, लगेच कळतं. सध्याच्या बनवणाऱ्यांत वायोमिंगमधल्या शेरिडनच्या बॅरी किंगचं नाव आदराने घेतलं जातं, मात्र कुरियर-कस्टम धरून खिशाला चांगलीच चाट बसते.

आता नाशिककरांसाठी. पूर्वीचे खोगीरवाले खिळ्याचं टोक कानशीने घासून ठसे करायचे, तेच इथेही जमतं. सातपूर-अंबडच्या छोट्या लेथवाल्याकडून पाव इंची स्टेनलेस रॉडचे तुकडे कापून घ्या. तोंड मात्र स्वतः घासा : तिरका उतार द्या, कडा किंचित गोल करा, नाहीतर पहिल्याच ठोक्याला चामडं कापलं जाईल. शेवटी बारीक पॉलिश पेपर. तांबट लेनमध्ये तांबटांचं ठोक्याचं काम जवळून बघायला मिळतं, पण त्यांची लोखंडी हातोडी ठशावर वापरू नका. दांड्याचं डोकं पसरतं. लाकडी मोगरी बरी. आणि क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्यावर ठसा उमटत नाही म्हणून ठशाला शिव्या देऊ नका, व्हेज टॅनच (झाडांच्या सालीसारख्या वनस्पतीने कमावलेलं) मागा.