नोटीस बोर्डावर लागते तेव्हा

दोघांचे धर्म वेगळे असले, तरी ‘रजिस्टर लग्न केलं की धर्म मध्ये येत नाही’ असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. धर्म बदलावा लागत नाही, इतकंच. (आमच्या इंदूरच्या महाराज तुकोजीराव होळकरांनी गादी सोडल्यावर 1928 साली नॅन्सी मिलर या अमेरिकन बाईशी लग्न केलं, तेही तिला आधी हिंदू करून, शर्मिष्ठादेवी नाव ठेवून.) पण असं लग्न ज्या 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली होतं, त्यात 30 दिवसांची नोटीस असते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या बोर्डावर लागते. दोघांपैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तिची प्रत तिथेही लागते. हे सहसा कुणी सांगत नाही.

माझी आतेबहीण इंदूरची, रामबागेतली. मुलगा ख्रिस्ती, मूळचा झाबुआकडचा. तो घरी सांगायला सवड शोधत होता, तोवर तिकडच्या बोर्डावरच्या कागदाचा फोटो त्याच्या काकांच्या मोबाइलवर पोचलासुद्धा! त्याआधी दीड वर्ष दोघं इंदुरातच विजयनगरला एकत्र राहिली होती. घर शोधताना मालकाला लग्न न झाल्याचं काही वाटलं नाही. मुलाचं पूर्ण नाव ऐकलं आणि म्हणाला, “बाकी सब ठीक है भैया, पर सोसायटीवाले...” शेवटी दुसरीकडे भाडेकरार एकट्या तिच्या नावावर झाला. आत्या अजून त्याला जावई म्हणत नाही. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस खायला मात्र त्याच्याच स्कूटरवर मागे बसून जाते.