मदत हवी आहे: कोड सोपा करताना थांबायचं कुठे?

नमस्कार मंडळी, आमच्या प्रोजेक्टमध्ये नोटिफिकेशन पाठवायचा एक भाग आहे, त्यात एक इंटरफेस (पाठवायच्या सगळ्या प्रकारांसाठी एकच साचा), एक फॅक्टरी (त्यातला हवा तो प्रकार बनवून देणारा कोड), वर कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जची फाइल, आणि एवढं सगळं करून खाली प्रत्यक्ष काम करणारा क्लास एकच, ईमेलवाला. उद्या एसएमएस आला तर म्हणून दोन वर्षांपूर्वी केलेलं, एसएमएस काही अजून आला नाही. परवा मेलमध्ये फक्त एक फील्ड वाढवायचं होतं तर सात फाइल्स उघडाव्या लागल्या, आणि नवीन आलेल्या मुलीला मेल नेमका कुठून जातो हे शोधायला अख्खा दिवस गेला, मला खरंच वाईट वाटलं.

एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीतला यॅग्नी (You Aren't Gonna Need It) मला पटतो, म्हणजे गरज पडेल तेव्हाच लिहा. सॉफ्टवेअर इंजिनिअर फ्रेड ब्रूक्सनी १९८६ मध्ये केलेला फरकही माहितीये, कामातच असलेली गुंतागुंत वेगळी आणि आपण बाहेरून आणलेली वेगळी. पण समोर कोड असताना ते ओळखायचं कसं? कारण त्याच मोड्यूलमध्ये रिट्रायचा, म्हणजे मेल गेला नाही तर पुन्हा पाठवायचा, किचकट कोड आहे, तो मी काढायला निघालो होतो, नशीब आधी टेस्ट चालवल्या, सर्व्हर मध्येच बंद पडला तर तोच मेल दोनदा जाऊ नये म्हणून होता तो.

तर तुम्ही काय काढायचं आणि काय ठेवायचं हे कशावरून ठरवता? आणि सीनियरना, ज्यांनी हे मेहनतीने बांधलंय, त्यांना न दुखावता कसं सांगता? प्रत्यक्ष केलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.