मदत हवी आहे: वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीसाठी शिफारसपत्र

नमस्कार मंडळी. भाची पुण्यात बारावी सायन्सला आहे, कॉमन ॲपवरून (एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज करायची साइट) अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीच्या, अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, म्हणून शिक्षकांना सप्टेंबरच्या सुरुवातीलाच विचारायचंय. अडचण अशी, की ज्युनिअर कॉलेजात तिचे मार्क सगळ्यांना ठाऊक, ती कोणालाच नाही. मग ‘हुशार, शिस्तप्रिय’ एवढंच पत्र येतं, आणि ते कोणाच्याही नावावर खपतं.

फिजिक्सच्या मॅडमचं जमेल. प्रयोगाचं उत्तर चुकलं की कारण ती जर्नलमध्ये स्वतःहून लिहिते. त्या पानांचे फोटो, असे दोन-तीन प्रसंग, पुढे शिकायच्या विषयाची निवड आणि मुदतींची यादी, सगळं एका पानाच्या टिपणासोबत देणार आहोत. पत्र वाचायचा हक्क ती फेर्पाखाली (विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलचा अमेरिकेतला कायदा) सोडणार, नाहीतर कॉलेजं पत्रावर कमी विश्वास ठेवतात.

खरा पेच दुसऱ्या पत्राचा. एमआयटीला (तिचा अर्ज कॉमन ॲपवर नाही, वेगळा भरावा लागतो) एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं लागतं. दहावीच्या मराठीच्या बाई तिला नीट ओळखतात, पण कॉलेजांना सहसा अकरावी-बारावीचे शिक्षक हवे असतात. आताच्या इंग्रजीच्या सरांशी उरलेल्या आठवड्यांत ओळख कशी वाढवावी? निबंध तपासायला देऊन?

आणि सर ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणाले, तर त्यांना न दुखावता काय सांगायचं? पत्र त्यांनी स्वतः लिहून त्यांच्याच लॉगिनमधून चढवायला हवं. शिक्षकांच्या फॉर्ममध्ये वर्गातल्या चर्चेचाही रकाना असतो. तिथे कमी शेरा पडला, तर पत्रात त्याची भरपाई होते का?